घाणा : शनवार तेल्यांपासून स्फेंजपर्यंत

डिसेंबरात इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या किंवा अश्दोदच्या बाजारातून चालत गेलात, तर तळणाचा वास पाठ सोडत नाही. बेकऱ्यांच्या काचांमागे सुफगानियांच्या रांगा असतात. गोल, फुगीर, वर पिठीसाखर, पोटात लाल जॅम. आणि एखाद्या कोपऱ्यात मोठ्या कढईशेजारी कुणीतरी ओल्या हातांनी चिकट पिठाचा गोळा तोडत असतं, त्याला अंगठ्याने भोक पाडत असतं आणि ताणून तेलात सोडत असतं. ते स्फेंज. दोन्ही यीस्टने फुगवलेल्या पिठाचे, दोन्ही तेलात तळलेले, दोन्ही हनुक्काच्या सणाचे. त्या रांगेत कुणी मागे वळून मराठीत "आजीला पण दोन घे गं" म्हणालं, तर दचकू नका. या गावांमध्ये मराठी बोलणारी माणसं सत्तर वर्षं राहताहेत.

ही माणसं म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. तुम्ही न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा दुबईत वाढला असाल, तर हे नाव कानावरून गेलं असेल, पण त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावायची वेळ आली नसेल. आज डोकावूया. निमित्त आहे तळलेल्या यीस्टच्या पिठाचं, आणि प्रश्न आहे साधाच. परदेशात वाढलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी कुणीतरी विचारलेला असतो: "हे तुमचं आहे का?" म्हणजे हा पदार्थ, हा सण, हे सगळं तुमच्या परंपरेतलं, की इथे येऊन उचललेलं?

बेने इस्राएलांच्या बाबतीत सरळ उत्तर द्यायचं तर: नाही, स्फेंज त्यांच्या परंपरेतलं नाही. पण तिथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. कारण या पदार्थाला लागतात फक्त दोन गोष्टी, तेल आणि यीस्ट. आणि या दोन्हींचा या समाजाशी असलेला संबंध भलताच वेगवेगळा आहे.

तेल होतं, सण नव्हता

बेने इस्राएलांची स्वतःबद्दलची कथा अलिबागजवळच्या नवगावला सुरू होते. किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावलाच पुरलं. वाचलेले आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी पसरले आणि गावांवरून आडनावं पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर. ते मराठी बोलू लागले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी धंदा धरला तेलाच्या घाण्याचा. बैल फिरवायचा, तीळ नाहीतर खोबरं गाळायचं आणि गावाला तेल पुरवायचं.

शनिवारी मात्र घाणा बंद. शब्बाथ पाळायचा म्हणून. हिब्रू भाषा बरीचशी विसरली होती, पण हा एक दिवस विसरला नाही. शेजाऱ्यांनी त्यावरूनच नाव ठेवलं: शनवार तेली. यात कुणाला काही गूढ वाटलं नसावं, कारण सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही होते. कुणी सोमवार पाळतो, कुणी शनिवार. गावाच्या हिशेबात गोष्ट एवढीच.

आता हनुक्काकडे या. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराची घटना. ग्रीक सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, मक्काबी घराण्याने बंड केलं आणि मंदिर परत मिळवून ते शुद्ध केलं. पुढे तालमूदमध्ये कथा येते की दिव्यासाठी एकच दिवस पुरेल एवढं पवित्र तेल सापडलं होतं आणि ते आठ दिवस जळलं. म्हणून आठ दिवस दिवे, आणि म्हणून तेलात तळलेलं खाणं. गंमत अशी की मक्काबींच्या बंडाची हकीकत सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत तेलाचा हा चमत्कार नाही. तो नंतरच्या पिढ्यांच्या सांगण्यात आला. म्हणजे खुद्द तेलाच्या सणातही तेल थोडं उशिराच आलं.

ज्यांच्या नावातच तेल, त्या शनवार तेल्यांकडे हा सण मात्र नव्हता.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो पुस्तकरूपाने १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात जुन्या सणांची मराठी नावं आहेत आणि ती वाचताना फार गोड वाटतात: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. नव्याचा सण म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष. दारफळणी म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घेऊन उपास करण्याचा दिवस. होळीच्या सुमारास येणारा पुरीम, म्हणून तो होळीचा सण. आणि बिरड्याचा रोजा म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या शोकाचा उपास, तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. कोकणातल्या श्रावणाइतकंच ओळखीचं बिरडं! या यादीत हनुक्का नाही.

केहिमकरांनी याचा अर्थ असा लावला की आपले पूर्वज हनुक्काची घटना घडण्याआधीच निघाले. समाजात इसवी सनापूर्वी १७५ हे साल सांगितलं जातं, ते याच तर्काला धरून. इतिहासकारांचं या सालावर एकमत नाही आणि आज आपल्याला ते सिद्ध करायचंही नाही. आपल्याला एवढंच लक्षात ठेवायचंय की नसलेल्या सणाचाही पुरावा म्हणून उपयोग करता येतो. पुढे हीच 'नसणं' उलट्या बाजूने वापरली गेली, तिकडे येऊच.

अणशीचं मडकं

तेल घरचं होतं. यीस्टचं काय?

वरच्या यादीतून एक नाव मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं: अणशी धाकाचा सण. हा म्हणजे पेसाह, इजिप्तमधून सुटकेचा सण. ज्यू घरांत या दिवसांत आंबवलेलं पीठ चालत नाही. घरातला कणिक-पावाचा कणन्‌कण झाडून बाहेर काढतात. पण कोकणातल्या घरात झाडून काढायचं काय? तिथे भात आणि तांदळाची भाकरी. भाकरीत आंबवण मुळात नाहीच. मग सणाचं करायचं काय?

केहिमकरांनी नोंदवलेलं नाव त्याचं उत्तर देतं. घरात तोंडीलावण्यासाठी आंबट पातळ पदार्थाचं एक मडकं असे, ती अणशी. सणाच्या दिवसांत ते मडकं झाकून ठेवायचं. अणशी झाकण्याचा सण, तो अणशी धाकाचा सण. पाव नसलेल्या गावात पाव सोडण्याची आठवण अशा रीतीने टिकली. जे आंबतं ते या दिवसांत बंद, एवढा अर्थ हातांनी धरून ठेवला.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण 'परंपरा जपली' म्हणजे काय ते इथे दिसतं. पदार्थ जसाच्या तसा जपणं शक्यच नव्हतं. जे जपलं ते एक काम होतं, आणि त्या कामासाठी घरात जे भांडं होतं ते वापरलं.

आता आपलंही स्वयंपाकघर बघा. आंबवणं मराठी घरांना नवं नाही. आंबोळी आहे, जिलबी आहे, कोकणातल्या वड्यांचं पीठ रात्रभर ठेवतात. तळणंही नवं नाही: पुऱ्या, घारगे, करंज्या, वडे. पण यीस्ट घालून गव्हाचं पीठ फुगवणं हे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या पाववाल्यावर सोपवलंय. पोर्तुगीजांबरोबर पाव गोव्यात आला, तिथले पोदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवत. तो पाव मुंबईत आला, तो बेकरीतून विकत घ्यायचा पदार्थ म्हणून. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबं मुंबईला येऊ लागली, तेव्हा त्यांनाही पाव तसाच मिळाला. म्हणजे तळण घरचं आणि यीस्ट बाहेरचं. ही विभागणी तुमच्या घरीही असेल. आई चकल्या घरी करते, पण पाव घरी भाजायचा म्हटला की "कशाला तो व्याप?" म्हणते.

याच मुंबईत हनुक्काही पोचला. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी आणि पुढे बगदादहून आलेल्या ज्यूंच्या सहवासाने बेने इस्राएलांना इतर ज्यूंचं पंचांग, प्रार्थना आणि राहिलेले सण कळले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. लोक त्याला मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडल्याचं सांगतात. हनुक्काचे दिवे लागू लागले. बगदादी ज्यू हनुक्काला जे तळलेलं गोड करतात ते तर जिलबीचंच भावंडं: आंबवलेल्या पिठाच्या वळ्या तेलात तळून पाकात बुडवायच्या. यीस्टचं फुगीर पीठ मात्र अजून कढईत पडायचं होतं.

स्पंजाची जुनी गोष्ट

सुफगानिया आणि स्फेंज ही नावं ऐकायला वेगळी वाटतात, पण मुळात दोन्हींत एकच वस्तू आहे: स्पंज. ग्रीकमध्ये स्पाँगोस, अरबीत इस्फंज, हिब्रूत स्फोग. मोडून पाहा, आत जाळी दिसते, म्हणून हे नाव. इसवी सन २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्नामध्ये 'सुफगानिन' हा शब्द येतो. स्पंजासारख्या पिठाच्या पदार्थाचा, धार्मिक नियमाच्या संदर्भात. हनुक्काशी त्याचा तिथे संबंध नाही.

तो संबंध स्पष्ट दिसतो बाराव्या शतकात. रंबाम म्हणजे मैमोनिदेस यांचे वडील रब्बी मैमोन बेन योसेफ हे कोर्दोबाचे, पुढे काही काळ मोरोक्कोतल्या फेझ शहरात राहिलेले. त्यांनी लिहून ठेवलंय की हनुक्काला सुफगानिन, म्हणजे अरबीत ज्याला स्फेंज म्हणतात ते, करण्याची प्रथा हलक्यात घेऊ नये. तेलात तळलेला पदार्थ चमत्काराची आठवण देतो. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी स्फेंज ही 'जुनी प्रथा' म्हणून सांगितली जात होती.

उत्तर आफ्रिकेत स्फेंज फक्त ज्यूंचं नाही. मोरोक्कोत मुसलमान शेजारीही ते सकाळी पुदिन्याच्या चहाबरोबर खातात. विकणारा माडाच्या जातीच्या झाडाच्या पातीत पाच-सहा स्फेंज ओवून हातात देतो, पिशवी लागत नाही. घटक बघा: मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे असा पदार्थ कुठल्याही जेवणानंतर खाता येतो. बेने इस्राएल घरांत नारळाचं दूध इतकं का वापरतात, याचं कारणही हेच. एका टोकाला मोरोक्को, एका टोकाला अलिबाग, अडचण एक आणि दोन्हीकडची तोड आपापली.

जॅमवाली सुफगानिया दुसऱ्या वाटेने आली. मध्य युरोपात भरलेले क्राफ्फेन जुने आहेत. न्युरेंबर्गला १४८५ साली छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात त्यांची कृती आहे. तेव्हा साखर महाग होती, सारण बहुतेक तिखटमिठाचं असे. जॅम आला तो साखर स्वस्त झाल्यावर. पोलंड-जर्मनीतल्या ज्यूंनी ते घेतलं, फक्त डुकराच्या चरबीऐवजी दुसऱ्या स्निग्धात तळलं. म्हणजे तोही शेजाऱ्यांकडून आलेलाच पदार्थ.

बेकरीचा सण

मग आज हनुक्का म्हटलं की सुफगानियाच का डोळ्यांसमोर येते? युरोपातल्या ज्यूंकडे या सणाला बटाट्याचे तळलेले लाडके पदार्थ होते, त्यांना हिब्रूत लेविवोत म्हणतात. साधारण आपल्या बटाट्याच्या थालीपिठासारखे. ते का मागे पडले?

यामागे कामगार चळवळ आहे, असं इस्रायलमध्ये सांगितलं जातं. हिस्ताद्रुत ही कामगार संघटना १९२० साली स्थापन झाली. १९२० च्या दशकात तिने सुफगानियाचा जोरात पुरस्कार केला. कारण साधं: लेविवोत कुणीही घरी करतं. सुफगानियाला पीठ फुगवा, परत फुगवा, बेताच्या आचेवर तळा, जॅम भरा. व्याप मोठा, म्हणून लोक विकत घेतील आणि ज्यू बेकरी कामगारांना सणाच्या दिवसांत काम मिळेल.

थोडं थांबा इथे. ज्या पदार्थाला आज दोन हजार वर्षांच्या सणाचं प्रतीक मानतात, तो त्या जागी बसून जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. आणि बसला तो घरी करायला अवघड म्हणून. नऊशे वर्षांची लेखी साक्ष असलेलं, परातीत कालवून कढईत सोडायचं स्फेंज मात्र बराच काळ 'मोरोक्कन लोकांचा पदार्थ' म्हणून एका बाजूला राहिलं. कुठला पदार्थ 'राष्ट्रीय' आणि कुठला 'त्यांचा', हे वयावर ठरत नाही. बेकरी कुणाच्या हातात आहे यावर बरंच काही ठरतं.

जिन्यावरचे शेजारी

१९४८ नंतर बेने इस्राएल इस्रायलला जाऊ लागले. पन्नाशी-साठीच्या दशकांत हजारो गेले. त्यातल्या अनेकांना तेल अवीव मिळालं नाही. मिळाली ती बेर्शेबा, दिमोना, येरुहाम, किर्यात गात, अश्दोद, लोद अशी गावं, काही तर वाळवंटात नव्याने उभी राहत असलेली. दिमोना वसवलं गेलं १९५५ साली. या वस्त्यांमध्ये त्याच काळात मोरोक्कोहून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. एकाच जिन्यावर एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर मोरोक्कन अरबी. हिब्रू दोघांनाही शिकायची होती.

१९४९ पासून देशात रेशनिंग होतं, ते टप्प्याटप्प्याने सैल होत १९५९ ला पूर्ण संपलं. अंडी, साखर, लोणी मोजून. अशा दिवसांत सणाला काय तळणार? अंड्या-लोण्याची सुफगानिया, की नुसत्या मैदा-पाण्याचं स्फेंज? एकाच जिन्यावर राहणाऱ्यांना एकमेकांच्या कढईचा वास येतो, ताटली वर जाते, रिकामी परत द्यायची नाही म्हणून खाली काहीतरी येतं. हा व्यवहार तुम्हाला मराठी म्हणून कुणी समजावून सांगायला नको.

पण ताटलीची देवाणघेवाण सोपी होती, कागदावरची नव्हती. बेने इस्राएल पुरेसे ज्यू आहेत का, असा प्रश्न इस्रायलमध्ये उघडपणे विचारला गेला. १९६२ साली प्रमुख रब्बिनेटने नियम काढला की बेने इस्राएल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शंकांच्या मुळाशी हेच होतं की हे लोक शतकानुशतकं बाकी ज्यू जगापासून तुटून होते आणि पुढे घडलेलं धर्मशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. बघा, जी 'नसणं' केहिमकरांना प्राचीनतेचा पुरावा वाटली, तीच आता उणीव म्हणून समोर ठेवली गेली. लोक रस्त्यावर उतरले, १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये ठिय्या दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं म्हटलं आणि रब्बिनेटला नियमातून बेने इस्राएलांचं नाव काढावं लागलं.

लग्नाचा नियम आणि तळलेलं पीठ यांची तुलना करायची नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जात होता: "हे तुमच्याकडे आधीपासून होतं का?" आणि सुफगानियाची गोष्ट पाहिल्यावर कळतं की हा प्रश्न प्रामाणिकपणे सगळ्यांना विचारला, तर फार थोडे पास होतील.

घरी करायचं तर

आता कढईकडे. स्फेंज घरी करायला यीस्टची भीती गेली की झालं. चार ते पाच माणसांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट (बाजारातली एक पुडी साधारण एवढीच असते), एक चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर आणि ३७५ ते ४०० मिलिलिटर कोमट पाणी. पाणी बोटाला सुखद लागेल इतकंच कोमट. चटका बसेल एवढं गरम असेल तर यीस्ट मरतं, आणि मग कितीही वाट पाहा, पीठ ढिम्म हलणार नाही.

परातीत सगळं एकत्र करा. पीठ चपातीच्या कणकेसारखं होणार नाही, हाताला चिकटेल. इथेच आपले मराठी हात चुकतात: चिकटलं की आपण पीठ लावतो. लावू नका. हा ओलेपणाच जाळी करतो. हात पाण्यात बुडवून पीठ खालून उचला, ताणा, आपटा. दहा मिनिटं. हळूहळू ते सुटं, लवचीक आणि चकचकीत होतं. मैद्यातल्या प्रथिनांचं जाळं तयार होतंय. यीस्ट साखर खाऊन जो वायू सोडेल तो या जाळ्यात अडकणार आहे.

झाकून दीड-दोन तास ठेवा. टोरोंटोच्या हिवाळ्यात जास्त लागेल, दुबईत कमी. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. दुप्पट झालं आणि वर बुडबुडे दिसले की तयार. 

कढईत निदान चार बोटं तेल घ्या. आच साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: तळाशी जाऊन लगेच, फेस काढत वर यायला हवा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड, पदार्थ तेल पिईल. टाकल्याबरोबर काळपट झाला तर फार तापलंय, बाहेरून करपेल आणि आत कच्चं राहील. हे ज्ञान तुमच्या घरी पुऱ्यांमुळे आधीच आहे, फक्त विचारा.

हात ओले करून लिंबाएवढा गोळा तोडा, मधे भोक पाडा, ताणून कडं करा आणि कढईच्या कडेने हळूच सोडा. हात ओले असले तरी निथळते नकोत, पाणी तेलात पडलं की उडतं. भोक शोभेसाठी नाही. मधला भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तो काढूनच टाकला की कडं सगळीकडून सारखं शिजतं. कोकणातल्या भोकाच्या वड्यालाही हाच हिशेब लागू पडतो. एकेका बाजूला साधारण दोन मिनिटं, सोनेरी रंगावर. झाऱ्याने काढून निथळा आणि लगेच साखरेत घोळवा किंवा मध घाला. स्फेंज थांबत नाही. तासाभरात चिवट होतं. म्हणूनच ते बेकरीच्या काचेमागे रांगेत बसत नाही, कढईजवळ उभं राहूनच खावं लागतं.

पहिला घाणा बिघडला तर वाईट वाटून घेऊ नका. मराठीत तळणाच्या एका खेपेला आपण घाणाच म्हणतो. तेल गाळायचं यंत्र तोही घाणा, तेलात एका वेळी तळलेलं तेही घाणा. शनवार तेल्यांचे बैल कधीच सुटले, त्यांच्या समाजातले बहुसंख्य लोक आज कोकणात नाहीत, इस्रायलमध्ये आहेत. शब्द मात्र दिमोनातल्या मराठी स्वयंपाकघरातही चालतो आणि एडिसनमधल्याही.

तर "हे तुमचं आहे का?" असं कुणी विचारलं की काय सांगायचं? वयाचा दाखला शोधत बसू नका. सुफगानिया त्या परीक्षेत बसत नाही, पाव बसत नाही, वालाचं बिरडं शोकाच्या उपासाला कसं आलं तेही कुठल्या शास्त्रात सापडणार नाही. त्याऐवजी एक काम करा. तुमच्या घरी सणाला जे होतं त्यातला एक पदार्थ निवडा आणि विचारा: हा आपल्याकडे पहिल्यांदा कुणी केला? कुणाचं बघून? कुठल्या गावात, कुठल्या शेजारणीकडे? बहुतेक घरांत उत्तर देऊ शकणारं माणूस अजून आहे, पण ते कायम असणार नाही. उत्तर लिहून ठेवा, शेजारणीच्या नावासकट. केहिमकरांनी सणांची नावं लिहून ठेवली नसती, तर अणशीचं झाकलेलं मडकं आज आपल्याला दिसलंच नसतं.